अंगरखा राजाचा, माप शिवलीलाचं

राजाचा अंगरखा धुता येत नाही. आतून सुती अस्तर, वर मखमल, त्यावर जरीची बुट्टी आणि टिकल्या. पाण्यात घातला की मखमल मरते आणि जरीची तार काळी पडते. म्हणून तो उलटा करून सावलीत वाऱ्यावर टाकायचा, गळ्याशी आणि बगलेत ओल्या फडक्यानं पुसायचा आणि कडुलिंबाचा वाळका पाला घालून ठेवून द्यायचा. एवढं करूनही ज्यानं ज्यानं तो घातला त्याचा वास थोडा थोडा आत राहतोच. आमच्या दुकानातल्या अंगरख्याला आता घाम, पावडर, तंबाखू आणि स्टेजवरचे तापलेले दिवे, सगळ्यांचा मिळून एक वास आहे. त्याचं वजनही वयाबरोबर वाढत चाललंय, की माझे खांदे उतरलेत, कोण जाणे.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात आमची ड्रेपरी आहे. नाटकाचे, गॅदरिंगचे कपडे भाड्याने द्यायचं दुकान. मी जळकोटची, लग्न होऊन इथे आले. आमच्या ह्यांनी नांदेडला शिवणकाम शिकताना एका टॉकीजमध्ये एक जुना ऐतिहासिक पिक्चर पाहिला. तो दर काही वर्षांनी फिरून यायचा आणि हे फिरून जाऊन बघायचे. आमच्याकडे त्याला सगळे नुसतं 'राजाचा पिक्चर' म्हणतात. गोष्ट साधी आहे. किल्ल्याला वेढा पडलाय. तरुण राजाचं राजवैद्याच्या मुलीवर प्रेम आहे. शेजारचा राजा म्हणतो, माझ्या बहिणीशी लग्न कर, तर फौज पाठवतो. राजा रात्रभर तळमळतो आणि सकाळी वैद्याच्या मुलीला दिंडी दरवाजातून बाहेर पाठवून देतो. तो बुरुजावर पूर्ण पोशाखात उभा राहतो, हाक मारत नाही. ती चालत जाते, वळून बघत नाही. बायका पदर तोंडात धरून रडायच्या ती हीच जागा.

आमच्या ह्यांनी रडायचं सोडून तेवढ्या वेळात राजाच्या अंगरख्याची कळी, म्हणजे घेराची तिरकी पट्टी, कुठे बसवलीय ते बघून घेतलं. लातूरला येऊन आठवणीवरून तो शिवला. पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे रंग कुणालाच माहीत नाही. ह्यांनी डाळिंबी धरला. आजवर किती गिऱ्हाइकांनी माझ्याशी वाद घातलाय! एक म्हणायचा, "बाई, हा काळा होता." दुसरा म्हणायचा, "निळा होता, मी सोता पायला." मी म्हणायची, असेल बाबा. ज्यानं त्यानं आपापला रंग मनात भरून घेतला होता.

या धंद्यात शिवण कमी आणि अंगावर चढवणं जास्त. नाड्या बांधायच्या, खांदे बसवायचे, डोक्याला मंदिल गुंडाळायचा. माणूस दोन्ही हात पसरून मुकाट उभा राहतो आणि मग आपोआप बोलायला लागतो. मी तोंडात टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे मला उत्तर द्यावं लागत नाही. लोकांना ते बरं वाटत असावं.

एकदा जळकोटकडचे एक रिटायर झालेले ग्रामसेवक आले. साठीच्या सत्काराला त्यांना राजाच्या वेषात फोटो पाहिजे होता. बायकोसाठी मी राणीचा शालू काढला, तर ती हात मागं घेऊन म्हणाली, "हे राजे झाले तरी सकाळचं पाणी मलाच तापवायचंय. मला कशाला नटवता?" फोटोत ते सिंहासनावर आणि ती शेजारी रोजच्या साडीत, हातात पिशवी धरून. फोटो मात्र झकास आला.

अहमदपूरच्या एका शाळेनं गॅदरिंगला हीच कथा बसवली होती. राजा झालेला नववीतला मुलगा शेवटच्या प्रसंगात एकदम ओरडला, "ए, जाऊ नको ना!" सर पडद्यामागे कपाळ धरून बसले. लोकांनी टाळ्या वाजवून मंडप डोक्यावर घेतला.

आमचे हे गेल्यावर दुकान मी चालवायला लागले. गॅदरिंगचे कपडे आता शाळा मोबाईलवरून मागवतात. चकचकीत, हलके, एकदा घालून टाकून द्यायचे. माझ्याकडे उरलं ते प्री-वेडिंग. लग्नाआधी नवरानवरीनं राजाराणी होऊन किल्ल्यात फिरायचं आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढायचा. आमच्याकडे ते काम अस्लमभाई करतात. लातुरातले जुने फोटोग्राफर. किल्ला औशाचा. सकाळचं ऊन बुरुजावर चांगलं पडतं आणि गर्दी नसते. मी कपड्यांच्या पेट्या घेऊन मागच्या सीटवर. गुडघे कुरकुरतात, पण पायऱ्या चढते.

आता जिच्यासाठी लिहायला बसले तिचं सांगते. नाव बदललंय. तिला विचारूनच लिहितेय. "लिवा की मावशी," म्हणाली, "फक्त मला लई रडकी दाखवू नका."

शिवलीला ही इथल्या एका आडत व्यापाऱ्याची एकुलती एक मुलगी. आडत म्हणजे शेतकऱ्याचा माल मार्केट यार्डात आपल्या दुकानापुढे उतरवून घ्यायचा आणि बोली लावून विकून द्यायचा. आई लवकर गेलेली. वडिलांना, अप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, बोलणं जड झालं. तेव्हापासून आडत तीच बघायची. लग्न ठरलं होतं अहमदपूरच्या महेशशी. तो हैदराबादला कंपनीत. ठरवून केलेलं स्थळ, पण साखरपुड्यानंतर दोघं जवळजवळ वर्षभर बोलत होते आणि एकमेकांच्या पुरते प्रेमात पडले होते.

ती दुकानात आली ती थेट म्हणाली, "मावशी, राजाचा ड्रेस पाहिजे. आखूड करून द्याल का?"

"नवरदेव बुटके आहेत का?" मी विचारलं.

"न्हाई हो. तो उंच हाय. राजा मी होणार हाय."

मला वाटलं गंमत करतेय. तिनं मोबाईल काढून दाखवला. राजाचा पिक्चर. अप्पांना लई आवडायचा, लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून टीव्हीवर बघितलेला. तिला शेवटचा प्रसंग करायचा होता. ती बुरुजावर राजा, आणि महेश दिंडी दरवाजातून बाहेर जाणारा.

"अगं, प्री-वेडिंगला ताटातुटीचा सीन कोण करतं?" मी म्हटलं. "लोकं झोपाळ्यावर बसतात, कबुतरं उडवतात."

"मला हेच करायचंय," ती म्हणाली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.

मी माप घेतलं. अंगरखा उंच पुरुषाचा. खांद्यात, कमरेत, सगळीकडे कच्चे टाके घालावे लागणार होते, म्हणजे नंतर उसवता येतील असे. टाचण्या तोंडात असल्यामुळे मी गप्प होते आणि ती बोलत होती. ठरलं असं होतं, की लग्नानंतर तिनं हैदराबादला जायचं, अप्पांनीही बरोबर यायचं, दुकान चुलतभाऊ बघतील. पण अप्पा हलायला तयार नव्हते. भांडत नव्हते, रागावत नव्हते. नुसते रोज सकाळी उठून टोपी घालून दारात बसायचे, यार्डात न्या म्हणून.

"महेशला माहीत आहे का?" मी टाचण्या काढून विचारलं.

"सांगायला दोन-तीनदा गेले. तो समोर आला की हैदराबादच्या फ्लॅटच्या पडद्यांचा रंग विचारतो. मंग मी पडद्यांचा रंग सांगून परत येते."

औशाला आम्ही सकाळी पोचलो. महेश आपल्या गाडीनं आधीच येऊन थांबला होता. महेश चांगला मुलगा होता. हसरा, कुणालाही पटकन 'मावशी' म्हणणारा. त्यानं पिक्चर बघितलेला नव्हता. त्याला मी पांढरा अंगरखा, शेला आणि मोजड्या दिल्या. "मी वैद्याचा मुलगा का? बरं हाय, आमच्या घरात कुणीतरी डॉक्टर झालं," तो म्हणाला. गाडीची किल्ली त्यानं शेल्यात खोचली आणि त्याची पँट-शर्ट मी घडी करून माझ्या पेटीत ठेवली. शिवलीला मंदिल बांधून बाहेर आली तेव्हा तो बघतच राहिला. "मुजरा करू का?" म्हणाला. तीही हसली.

अस्लमभाईंनी समजावून सांगितलं. "शिवलीलादीदी, तुमी बुरुजावर. नवरदेव, तुमी कमानीतून सरळ चालत जायाचं. मागं बघायचं नक्को. बस."

मी बुरुजावर भिंतीआड बसले होते, अंगरख्याचा घोळ वाऱ्यानं उडू नये म्हणून धरून. खाली महेश चालायला लागला. कमानीपाशी पोचला आणि वळून बघितलं. वर हात केला.

"कट! नवरदेव, मागं न्हाई बघायचं ना!"

परत. परत त्यानं बघितलं. पुढच्या वेळी मान सरळ ठेवून कमानीच्या पार गेला आणि तिकडून डोकं आत काढलं. अस्लमभाई वैतागले. "अरे भाई, येवढं सोपं काम!"

"ती उभी हाय ना तिथं," महेश खालून ओरडला. "न बघता कसं जावं माणसानं?"

मी हसले आणि वर शिवलीलाकडे बघितलं. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. टिकल्यांवर पडू नये म्हणून मी घाईनं पदर पुढे केला. तिनं तो बाजूला सारला आणि पायऱ्या उतरायला लागली. अंगरख्याचा घोळ धुळीतून जाईल म्हणून मी मागे मागे, तो उचलून धरत. म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं. मला तिथं असायचं नव्हतं, पण हातात कापड होतं.

कमानीच्या सावलीत ती त्याच्यासमोर उभी राहिली. "महेश, मी हैदराबादला येणार न्हाई."

त्याला आधी वाटलं हा पिक्चरमधला संवाद आहे. "बरं महाराज," म्हणाला. मग तिचा चेहरा बघितला.

"हे इथं सांगायचं होतं? ह्या कपड्यात?"

"साध्या कपड्यात सांगता येईना."

त्यानं मोजडीनं एक खडा सारला. "अप्पांना घेऊन चल की. आपण बोललो होतो."

"ते येणार न्हाईत. आणि दुकान एकदा भावांच्या हातात गेलं की गेलं."

"मंग मी येतो इकडं. लातूरला."

"येऊ शकतोस का?" तिनं विचारलं. टोचून नाही, खरंच विचारलं. तिचा आवाज वर चढला होता. मला वाटतं, त्या एका क्षणी तिला आशा होती.

अहमदपूरला त्याच्या घरी आई एकटी, धाकट्या बहिणीचं शिक्षण चाललेलं, सगळं त्याच्या पगारावर. ते तिलाही माहीत होतं, त्यालाही. त्यानं हात पुढे केला आणि तिच्या खांद्यावरचा जरीचा धागा निघालेला होता तो नीट आत खोचला. मग वळला आणि चालायला लागला.

लांब कॅमेऱ्याशी उभ्या अस्लमभाईंना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांना वाटलं, नवरीनं नवरदेवाला समजावून सांगितलं. महेश कमानीतून गेला, पलीकडे गेला, उताराला लागला. या वेळेला त्यानं मागं बघितलं नाही.

"क्या बात है!" अस्लमभाई ओरडले. "ओके! एकदम ओके!"

तेवढ्यात खाली महेशची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

परतताना ती माझ्या शेजारी बसली, अंगरखा घालूनच. मंदिल मांडीवर. अस्लमभाई गाडी चालवत होते, त्यांना कळून चुकलं होतं, ते वरचेवर आरशात बघायचे. दुकानात आल्यावर मी कात्री घेतली, म्हटलं, कच्चे टाके उसवते, अंग मोकळं होईल. "जरा वेळ राहू द्या," ती म्हणाली आणि तशीच स्टुलावर बसली. मी चहा टाकला. तिनं तो पिताना अंगरख्यावर सांडू नये म्हणून कप दोन्ही हातांनी धरला होता. एवढ्या दुःखात माणूस दुसऱ्याच्या कपड्याला जपतो, ते बघून मलाच रडू आलं.

महेश माझे कपडे घालून गेला होता आणि त्याचे माझ्या पेटीत राहिले होते. काही दिवस मी वाट बघितली. मग एका शाळेला तोच पांढरा अंगरखा द्यायचा होता, म्हणून एसटीनं अहमदपूरला गेले. त्याच्या आईनं दार उघडलं. महेश हैदराबादला परतला होता. घरी त्यानं एवढंच सांगितलं होतं, की शूटिंगला ती हैदराबादला येणार नाही म्हणाली आणि लग्न मोडलं.

बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि समोर बसून म्हणाल्या, "तुमी तिथं होता म्हणं. काय झालं तेवढं सांगा. पोरगं सांगत न्हाई."

या धंद्यात जे कानावर पडतं ते तिथंच ठेवायचं असतं. मी म्हटलं, "ते दोघांनी सांगायचं आहे, ताई. मी कपडेवाली."

"पोरगी राजाचे कपडे घालून उभी राहती, तवाच वळखायला पायजे होतं," त्या म्हणाल्या. रागात होत्या. आत गेल्या आणि कपडे घेऊन आल्या. अंगरखा, शेला, सगळं साबणानं धुऊन, कडक इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मोजड्यांचीसुद्धा माती पुसलेली. माझ्या हातात देताना त्यांचा राग उतरला. "आईसाठी येता येत न्हाई म्हणला असंल तिला," त्या हळूच म्हणाल्या. "मला एकदा इचारलं असतं तर? मी काय त्याला धरून ठेवलं असतं का?"

हे वाक्य घेऊन मी लातूरला आले आणि ते मला पचेना. कानावरचं तिथंच ठेवायचं, हे मी एवढी वर्षं पाळलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात गेले.

सोयाबीनचा हंगाम. दुकानापुढे ढीग, धुरळा, हमालांची ओरड. व्यापाऱ्याच्या बसायच्या जागेलाही आपल्याकडे गादीच म्हणतात. शिवलीला गादीवर बसली होती, कानाला मोबाईल, एका हातानं सोयाबीनचे दाणे चोळून बघत. शेजारी खुर्चीत अप्पा, टोपी घालून. मला बघून ती उठली. मी तिला बाजूला घेऊन महेशची आई काय म्हणाली ते सांगितलं.

अप्पांचे कान शाबूत होते. ते एक एक शब्द ओढत म्हणाले, "मी... तरी... कवा म्हणलं... थांब म्हणून?"

शिवलीला त्यांच्याकडे बघून हसली, त्यांच्या खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि मला दुकानाच्या मागे घेऊन गेली, पोत्यांच्या थप्पीआड.

"न म्हणता मागतात मावशी, आईबाप," ती म्हणाली. "त्याची आई बी आणि माझे अप्पा बी. त्यांचा दोष न्हाई."

"मग अजून वेळ आहे, फोन कर महेशला. कुणी अडवत नाहीये."

ती थप्पीवर हात ठेवून उभी राहिली. "एक सांगू? कुणालाच सांगितलं न्हाई. मला आडत आवडती. सकाळी माल उतरतो, बोली सुरू होती, बापाच्या वयाची माणसं माझ्या तोंडाकडं बघतात. हैदराबादच्या फ्लॅटमध्ये मी मेले असते. पण हे म्हणलं तर लोक म्हणतील, पोरगी हावरी हाय. अप्पांसाठी राहिले म्हणलं की सगळे गप बसतात. महेशला बी तेच सांगितलं."

"आणि महेश?"

"तो बी आवडतो," ती म्हणाली. "दोन्ही खरं हाय. तेच तर."

मी घरी येताना त्या पिक्चरचाच विचार करत होते. राजा रात्रभर तळमळतो, रयत, वेढा, कर्तव्य, सगळं बोलतो. त्याला गादी आवडत होती का, हे कुणी त्याला विचारत नाही. आवडत असणार. तरी त्याचं तळमळणं खोटं नव्हतं.

फोन तिनं केला, नंतर, तिनंच मला सांगितलं. खरं ते सगळं सांगितलं. महेश ऐकून म्हणाला, "हे किल्ल्यातच सांगायचं होतंस. मी उगीच अप्पांवर राग धरून बसलो." पुढे त्यानं तिकडंच लग्न केलं. अस्लमभाईंनी व्हिडिओचं काय करू म्हणून विचारलं, तर ती पेन ड्राइव्ह घेऊन गेली. बघितला का, मी विचारलं नाही.

अप्पा मागच्या वर्षी गेले. समाचाराला आलेली माणसं तिला सांगत होती, आता तू मोकळी झालीस, आता स्वतःचं बघ. चुलतभाऊ तर दुकानाच्या किल्ल्या हातात घ्यायच्या तयारीनंच आले होते. दिवस उरकले आणि दुसऱ्या सकाळी शिवलीलानं दुकान उघडलं. लोकांना कळेना. कुणी म्हणालं, वडिलांची आठवण म्हणून चालवते. तिनं कुणाचं बोलणं खोडलं नाही.

मलाही लोक तेच म्हणतात. ह्यांची आठवण म्हणून बाई अजून दुकान रेटतेय. मुलगा पुण्याला बोलावतो, दुकान विकून टाक म्हणतो. मी हो-हो म्हणते. डोळ्यांना आता सुईत दोरा दिसत नाही, पायऱ्या चढले की दम लागतो, आठवड्यातले कितीतरी दिवस गिऱ्हाईक फिरकत नाही. तरी सकाळी शटर वर जातं.

परवा यार्डाकडून येत होते. शिवलीला दुकानाच्या पायरीवर बसली होती, बोली नुकतीच संपलेली, केसांत धुरळा, घसा बसलेला. मला हाक मारून तिनं पायरीवर जागा केली आणि चहा सांगितला.

"कशी हायस?" मी विचारलं.

"दमले, मावशी. लई दमले."

"मी पण गं."

"मंग बंद कामून करत न्हाई तुमी?"

"तू कामून करत न्हाईस?"

ती माझ्याकडे बघायला लागली आणि फुटलेल्या आवाजात हसायला लागली. मलाही हसू आलं, इतकं की गुडघ्यावर हात ठेवावा लागला. समोरून माल घेऊन एक टेम्पो मागं मागं येत होता. तिनं अर्धा कप खाली ठेवला, उठली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगायला लागली, "इकडं घ्या, इकडं! अजून जागा हाय!"